एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेताय? ‘किती टीबी?’च्या आधी विचारायचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या फोटो-व्हिडिओवाल्यांना फुरसत मिळत नाही. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, आळेफाटा, सगळीकडे मंगल कार्यालयांच्या तारखा लागोपाठ लागलेल्या असतात. चैत्र उजाडला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. दिवसा बैलगाड्यांचे घाट, रात्री तमाशा. हल्ली या सगळ्याचं शूटिंग फोर-के मध्ये होतं, ड्रोन उडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रील टाकायची असते.

मग सीझनच्या मध्यावर कधीतरी लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल होते आणि दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती टीबीची घेऊ?’

प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. कारण या कामातला माल पुन्हा तयार करता येत नाही. घाटातली एक बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. सप्तपदी दुसऱ्यांदा घालायला कोणी सांगू शकत नाही. आणि लग्नात ज्या आजोबांनी मुंडावळ्या बांधल्या, ते पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. अशा फुटेजची एकच प्रत एकाच डिस्कवर असेल, तर ती डिस्क कितीही महागडी असली तरी तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. म्हणून डिस्क निवडताना आधी ठरवायचं ते हे, की ही डिस्क काम करण्यासाठी हवी आहे की सांभाळून ठेवण्यासाठी. या दोन कामांना लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत.

एका लग्नाला किती जागा लागते?

आधी हिशोब करू. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले तर ३६० जीबी झाले. त्यात तीन हजार रॉ फोटो, प्रत्येकी ३० एमबीचे धरले, तर आणखी ९० जीबी. हळद, साखरपुडा, ड्रोन हे सगळं बाजूला ठेवूनही एका लग्नाचे ४५० जीबी होतात.

आता चार टीबीची डिस्क आणली तर ती विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलं असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही त्याला टीबीच म्हणतं. त्यामुळे एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, दोन टीबीची १.८१ टीबी. चार टीबीमध्ये अशी आठ लग्नं बसतात. सीझनला पंचवीस ऑर्डर घेणाऱ्या स्टुडिओला किती लागेल, हे यावरून लगेच कळतं. ते एक प्रत धरून, आणि एक प्रत पुरत नाही.

आत काय असतं?

हार्ड डिस्कच्या डबीत गोल गोल फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड फिरतं. ग्रामोफोनची आठवण येते, पण इथे हेड तबकडीला टेकत नाही. ते काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. माणसाच्या केसाची जाडीच पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे असते, त्यावरून अंतराचा अंदाज यावा. डिस्क चालू असताना टेबलावरून खाली पडली की हेड तबकडीवर आदळू शकतं आणि तिथला चुंबकीय थर खरवडला जातो. बंद असताना हेड बाजूला जाऊन बसलेलं असतं, म्हणून तेव्हा पडली तर वाचण्याची शक्यता बरीच जास्त.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. सगळा डेटा चिपमध्ये. त्यामुळे ती पडण्याला, धक्क्याला घाबरत नाही. जुन्नरवरून आपटाळ्याला किंवा घोडेगाववरून डिंभ्याच्या पुढे टू-व्हीलरवर जाणाऱ्याच्या पाठपिशवीत हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी असणं केव्हाही शहाणपणाचं.

वेगाचा फरकही मोठा आहे. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क साधारण १०० ते १४० एमबी प्रति सेकंद देते. साधी पोर्टेबल एसएसडी ५०० च्या आसपास आणि त्याच्या वरची हजारच्या आसपास. पण इथे एक गंमत आहे, जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. कॅमेऱ्यातलं एसडी कार्ड जर नेहमीचं यूएचएस-वन प्रकारचं असेल, तर तेच ९०-१०० एमबीच्या वेगाने वाचलं जातं. म्हणजे कार्ड रिकामं करायला हार्ड डिस्क लावा नाहीतर महागातली एसएसडी लावा, वेळ जवळपास तेवढाच लागणार. नळच बारीक असेल तर टाकी मोठी असून पाणी लवकर भरत नाही.

एसएसडीचा खरा फायदा एडिटिंगच्या टेबलावर दिसतो. प्रीमियर किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये दोन कॅमेऱ्यांची फुटेज, गाणं, फोटो सगळं एकाच टाइमलाइनवर असतं. सॉफ्टवेअर क्षणात इथला तुकडा मागतं, क्षणात तिथला. हार्ड डिस्कमधलं हेड प्रत्येक वेळी उडी मारून त्या जागी जातं आणि तबकडी फिरून तिथे येईपर्यंत थांबतं. ही थांबणी मिलिसेकंदांची असते, पण अशा हजारो थांबण्या साठल्या की व्हिडिओ अडखळतो. मग लॅपटॉपला शिव्या बसतात. कित्येकदा रॅम वाढवण्यापेक्षा एक टीबीची एसएसडी घेऊन तिच्यावर चालू प्रोजेक्ट ठेवल्याने काम जास्त सुधारतं.

मग सगळंच एसएसडीवर का ठेवू नये? एक तर पैसे. एका टीबीमागे एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा बरीच महाग पडते, आणि एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यापासून चिपचे भाव चढलेच आहेत. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. एसएसडी डेटा विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीज न मिळता ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली, तर तो भार हळूहळू गळू शकतो. या क्षेत्रातल्या ‘जेडेक’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार, घरगुती वापराची एसएसडी तिचं लेखनाचं आयुष्य संपल्यावरही ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष डेटा टिकवेल, एवढीच अपेक्षा असते. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकते, तरीही पाच वर्षांसाठी माळ्यावर टाकायची ती वस्तू नाही.

तिसरं कारण म्हणजे एसएसडी मरताना सहसा सांगून मरत नाही. हार्ड डिस्क बहुतेक वेळा आधी कुरकुरते, हळू होते, टक-टक करते. एसएसडी काल चालत होती, आज संगणकाला दिसतच नाही. २०२३ साली सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडी अशाच अचानक बंद पडून डेटा गेल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कंपनीने काही मॉडेलसाठी फर्मवेअर अपडेट काढलं, अमेरिकेत खटलेही दाखल झाले. त्या ड्राइव्ह वापरणाऱ्यांत व्यावसायिक व्हिडिओवाले बरेच होते.

थोडक्यात, चालू कामासाठी छोटी एसएसडी आणि झालेलं काम ठेवायला मोठी हार्ड डिस्क. दोन्हीसाठी एकच वस्तू शोधत बसलं की दोन्ही कामं अर्धवट होतात.

कौलारू डिस्कची भानगड

हार्ड डिस्क घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी खोक्यावर क्वचितच छापलेली असते. ती म्हणजे एसएमआर आणि सीएमआर.

कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. एका कौलाची कड दुसऱ्यावर चढवलेली असते. कमी जागेत जास्त कौलं बसतात, पाणीही आत येत नाही. पण मधलं एक कौल फुटलं तर ते बदलायला आजूबाजूची उचलावी लागतात. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे असेच एकावर एक चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलीच एखादी फाइल बदलायची झाली तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सीएमआरमध्ये पट्टे सुटे असतात, ही अडचण येत नाही.

अडीच इंची पोर्टेबल डिस्क एक टीबीहून मोठी असेल तर ती बहुतेक वेळा एसएमआर असते. कॉपी सुरू करताना १२० चा वेग दिसतो आणि बऱ्याच वेळाने तो २०-३० वर येऊन रेंगाळतो, तेव्हा अनेकदा डिस्क खराब नसते, ती आतल्या आत कौलं उचलून ठेवत असते. २०२० साली तर सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी काही मॉडेलमध्ये ही पद्धत ग्राहकांना नीट न सांगताच वापरल्याचं उघड झालं होतं. टीका झाल्यावर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कोणत्या प्रकारचं आहे, याची माहिती दिली.

एकदा भरून ठेवायच्या बॅकअपसाठी एसएमआर चालते. तिच्यावरूनच रोज एडिटिंग करायचं असेल तर मात्र ती डोकेदुखी आहे.

‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ या प्रश्नावर मित्रांच्या ग्रुपमध्ये तासभर वाद होतो. त्यातली गोष्ट अशी की हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात आता याच तीन कंपन्या उरल्या आहेत. खोक्यावर दुसरं कुठलं नाव असलं तरी आतली डिस्क यांच्यापैकीच कोणाची तरी असते. लाखो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी दरवर्षी आपल्या बंद पडलेल्या डिस्कची आकडेवारी जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्या डिस्क थंड खोलीत, रॅकमध्ये, न हलता चालणाऱ्या. ज्या पाठपिशवीतून घाटात जातात त्यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

केबल, सॉकेट आणि वीज

टाइप-सी म्हणजे वेगवान, हा गैरसमज फार पसरलेला आहे. टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल अनेकदा आतून जुन्या यूएसबी २.० ची असते. तिने सेकंदाला जेमतेम ४० एमबी जातात, समोर कितीही भारी एसएसडी असो. ड्राइव्हच्या खोक्यातली केबलच वापरावी, आणि ती हरवू नये म्हणून ड्राइव्हलाच रबराने बांधून ठेवावी. नावांचा गोंधळही कंपन्यांनी घालून ठेवला आहे. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच वेगाची तीन नावं आहेत, ५ गिगाबिट. लॅपटॉपचं सॉकेट एवढंच असेल तर २० गिगाबिटच्या एसएसडीला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

विजेचा मुद्दा शहरातल्या लेखांमध्ये सापडत नाही, पण इथे तो महत्त्वाचा आहे. अडीच इंची डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते. साडेतीन इंची मोठी डिस्क, जी प्रत्येक टीबीमागे स्वस्त पडते आणि वेगही जास्त देते, तिला वेगळा बारा व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो. म्हणजे ती थेट भिंतीतल्या सॉकेटवर. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डिस्क लिहिता लिहिता बंद होते. विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात त्या वेळी गावातलं व्होल्टेज कसं नाचतं, ते इथल्या कुणाला नव्याने सांगायची गरज नाही. साडेतीन इंची डिस्क घ्यायची असेल तर यूपीएसचे पैसे त्याच हिशोबात धरावेत. नाहीतर अडीच इंचीच बरी.

पश्चिमेकडे, भीमाशंकर-आहुपे-नाणेघाटाच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते म्हणून लोक सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवतात. डिस्कलाही त्याच डब्यात जागा द्यावी.

फॉरमॅटबद्दल फार खोलात जायला नको. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. मॅक एनटीएफएस वाचतं, पण आपणहून त्यावर लिहीत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींत ने-आण असेल तर एक्सफॅट घ्यावं. पण एक्सफॅटमध्ये मध्येच केबल निघाली तर डेटा विस्कटण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावं. एफएटी ३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, तेव्हा व्हिडिओवाल्यांच्या कामाची ती नाही.

खोडदला डेटा कसा जपतात?

नारायणगावपासून दहाएक किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. शेतांच्या पलीकडे त्या रोज दिसतात, पण त्यातून रोज काय बाहेर पडतं याकडे लक्ष जात नाही. त्यातून डेटा बाहेर पडतो, आणि दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झाल्यापासून तर पुष्कळच. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपला जायचा, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. व्हिडिओवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एचडीवरून फोर-केवर गेल्यासारखं.

तिथली निरीक्षणं एका ऑनलाइन संग्रहात जपली जातात. ज्या शास्त्रज्ञाने वेळ मागून निरीक्षण केलं, त्याच्याकडे तो डेटा ठरावीक मुदत राखीव असतो आणि नंतर तो इतरांना खुला होतो. याचा काय फायदा झाला, त्याचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास सगळं दिसणारं आकाश पिंजून काढलं. त्या वेळच्या पद्धतींनी त्यातून जेवढं काढता आलं तेवढं काढलं गेलं. पण मूळ, कच्चा डेटा संग्रहात तसाच ठेवला होता. पुढे नव्या सॉफ्टवेअरने तोच डेटा पुन्हा तपासला गेला आणि २०१७ साली आकाशाच्या ९० टक्के भागाचा नकाशा आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. त्यासाठी दुर्बीण पुन्हा त्या सगळ्या आकाशावर फिरवावी लागली नाही.

स्टुडिओवाल्यांनी यातून घेण्यासारखं असं, की फक्त तयार झालेली फिल्म ठेवून मूळ फुटेज पुसायची घाई करू नये. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत ज्यांच्याकडे जुन्या घाटांचं शूटिंग शिल्लक होतं, त्याची किंमत टाइमलाइन संपवून कार्ड फॉरमॅट करणाऱ्यांना नंतर कळली. नारायणगावला तर तमाशाची पंढरी म्हणतात. फडात कधीकाळी रेकॉर्ड केलेल्या गण-गवळणीची कच्ची टेप आज कोणाच्या कपाटात असेल, तर तिची डिजिटल प्रत आत्ताच करून ठेवलेली बरी.

दुसरी प्रत कुठे ठेवायची?

बॅकअपचा जगभर वापरला जाणारा नियम ३-२-१ या नावाने ओळखला जातो. तो पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. म्हणजे तोही कॅमेरावाल्यांच्याच गरजेतून आलेला आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. दोन डिस्क घेतात आणि एकाच ड्रॉवरमध्ये ठेवतात. चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, तर दोन्ही एकदमच जातात. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे डेटाची गोष्ट काढणंही लहान वाटतं. पण घरच उरत नाही तेव्हा घरात ठेवलेलं एकही कागद, एकही फोटो उरत नाही, हे या तालुक्याने पाहिलेलं आहे.

दुसरी जागा म्हणजे क्लाउडच हवं असं नाही. ४५० जीबीचं एक लग्न २० मेगाबिट अपलोडच्या इंटरनेटवरून चढवायला सलग पन्नास तास लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता. १०० मेगाबिटचं फायबर असेल तर दहा तास. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झालं आणि फुकटच्या १५ जीबीत एका लग्नाची हळदही बसत नाही. त्यामुळे क्लाउडवर तयार फिल्म आणि निवडलेले फोटो ठेवावेत. कच्च्या फुटेजची दुसरी डिस्क मंचरवाल्याने जुन्नरच्या बहिणीकडे ठेवावी किंवा दोन स्टुडिओवाल्यांनी एकमेकांच्या डिस्क सांभाळाव्यात. स्वस्त, सोपं आणि इंटरनेट लागत नाही. डिस्क दुसऱ्याकडे जाणार असेल तर तिला पासवर्ड लावावा, कारण त्यात ग्राहकाच्या घरातली मंडळी आहेत. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. फक्त तो पासवर्ड आणि रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा. ते दोन्ही हरवले तर डेटा कंपनीलाही काढता येत नाही.

कायम लॅपटॉपला लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर तो लावलेल्या डिस्कलाही सोडत नाही. कॉपी झाली की काढून ठेवायची.

पैसे मर्यादित असतील तर निर्णय कसा घ्यायचा, हे आता अवघड नाही. चार टीबीची एक महागडी एसएसडी की तेवढ्याच किंवा कमी पैशांत चार टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क? नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एडिटिंग थोडं रखडेल, प्रॉक्सी फाइली बनवून चालवता येईल, पण डेटा जाणार नाही. एसएसडी पुढच्या सीझनच्या कमाईतून.

खोकं घरी आल्यावर

ऑनलाइन ‘१६ टीबी एसएसडी’ दोन-तीन हजारांत दिसली तर ती खोटी आहे, यात शंका नको. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते संगणकाला खोटं सांगतं की आपण १६ टीबीचे आहोत. कॉपी होताना सगळं व्यवस्थित दिसतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा नुसता हवेत जातो. एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क लिहून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवावं, पण परत करण्याची मुदत संपायच्या आत एकदा करावंच. नवी डिस्क खराब निघायची असेल तर तीही याच परीक्षेत निघते.

बिल जपून ठेवा. वॉरंटीत बंद पडलेल्या डिस्कऐवजी दुसरी डिस्क मिळते, त्यातला डेटा मिळत नाही. डेटा रिकव्हरीचा खर्च हजारोंच्या घरात जातो, बहुधा नव्या डिस्कच्या कितीतरी पट, आणि तरीही खात्री नसते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट आतल्या बोर्डावरच जोडलेलं असतं. सॉकेट ढिलं झालं तर आतली डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालता येत नाही. म्हणून केबल हिसकायची नाही.

दर एक-दोन महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघता येते. ‘रिअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढायला लागला, तर त्याच दिवशी दुसरी प्रत करायची. आणि डिस्क टक-टक वाजायला लागली तर ती पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायचे यूट्यूबवरचे उपाय तर मुळीच नाहीत. प्रत्येक वेळी चालू केल्यावर हेड तबकडी आणखी खरवडतं. काढायची, बाजूला ठेवायची आणि डेटा खरंच लाखमोलाचा असेल तर पुण्यातल्या रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

डिस्कवर मार्करने वर्ष आणि महिना लिहावा. पाच वर्षं झालेली डिस्क चालत असली तरी तिच्यातला डेटा नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवावी.

एक गोष्ट मात्र ग्राहकाशी ऑर्डर घेतानाच बोलून घ्यावी, की कच्चं फुटेज किती दिवस ठेवणार. सहा महिने की दोन वर्षं, जे ठरेल ते पावतीवर लिहावं. ज्यांना कायमचं हवं आहे, त्यांनी आपली डिस्क आणून द्यावी आणि भरून न्यावी. अल्बमच्या दराबरोबरच ही ओळ छापून टाकली तर चार वर्षांनी ‘आमच्या लग्नाचं ते कच्चं मिळेल का?’ असा फोन आल्यावर काय सांगायचं, हे दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असतं.